मायुमी टॉवरचा तीन वाजताचा आवाज

मायुमी टॉवरमध्ये तेरावा मजला नाही. लिफ्टमध्ये बाराच्या वर थेट चौदाचं बटण आहे. पण बारापुढचा आकडा कुणाला मोजता येत नाही? चौदा म्हणवणारा तो अशुभ मजला भाड्याने घ्यायला कुणी धजावेना, तेव्हा मालकांनी बिल्डिंगची स्वतःची कचेरीच तिथे थाटली. त्या कचेरीत, कागदांच्या उंच कपाटाला पाठ लावून, माइकसमोर रेमेदियोस लाक्सामाना बसायची. सगळे तिला आते मेदिंग म्हणत. आते म्हणजे आमच्याकडे थोरली बहीण, आणि एवढ्या मोठ्या बिल्डिंगीत थोरली बहीण एकच होती.

सव्वीस वर्षांपूर्वी ती सान पाब्लोहून टेलिफोन ऑपरेटर म्हणून आली. पुढे ऑपरेटरची गरज संपली, तारांचा बोर्ड भंगारात गेला, पण माइक राहिला आणि माइकबरोबर मेदिंगही राहिली. कुणाची गाडी वाटेत उभी आहे, दोन ते चार पाणी का नाही, हे ती सांगायची. आणि तीन वाजता प्रार्थना म्हणायची. आमच्या शहरात दुपारी तीनला मॉलमध्ये, कचेऱ्यांमध्ये प्रार्थना लागते. बहुतेक ठिकाणी टेप लावतात. मायुमी टॉवरमध्ये टेप नव्हती, मेदिंग होती.

तीनला एक मिनिट कमी असताना ती पाण्याचा घोट घ्यायची आणि बटण दाबायची. टिंग, टाँग, टिंग. अठ्ठावीस मजल्यांवर जो जिथे असेल तो तिथे थांबायचा. नूडल्समध्ये गरम पाणी ओतणारा किटली धरून उभा राहायचा, भांडणारे भांडण राखून ठेवायचे. माना खाली. मिनिटभर मेदिंगचा आवाज, मग सगळ्यांचं आमेन, मग नूडल्स.

ते मिनिट म्हणजे मेदिंगचं सगळं ऐश्वर्य होतं. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मारिकिनाला बहिणीच्या घरी मागच्या खोलीत ती राहायची. त्या घरात सात माणसं आणि एक टीव्ही. तिने जेवताना काही सांगायला तोंड उघडलं की कुणीतरी मीठ मागायचं. आणि इथे दोन हजारांच्या आसपास माणसं तिच्या एका शब्दासाठी गप्प उभी राहायची. ज्याला असं मिनिट मिळालं नाही त्याने तिला हसू नये.

मागच्या वर्षी बिल्डिंगीत नवा सुरक्षा अधिकारी आला. जेथ्रो ब्वेनाफ्लोर, वय चौतीस, इलोइलोचा, बोलणं मऊ आणि डोकं हट्टी. त्याला सगळे इंजिनिअर म्हणत. पहिल्याच आठवड्यात तो एक जाडजूड फाइल घेऊन मेदिंगच्या टेबलाशी बसला.

"आते, या बिल्डिंगला एकच संकट ठाऊक आहे. आग. घंटा वाजली की जिना धरायचा, बास. भूकंपात ही माणसं अशीच जिन्यात घुसली तर एकमेकांना तुडवतील."

"मग करायचं काय?"

"हलतंय तोवर टेबलाखाली. थांबलं की मजल्यामजल्याने खाली. बॉम्बची धमकी आली तर वेगळं, वादळ आलं तर वेगळं, लिफ्ट अडकली तर वेगळं. सगळं लिहून काढलंय मी."

मेदिंगने फाइल हातावर तोलून पाहिली. "आणि हे वाचणार कोण?"

"म्हणून तर तुमच्याकडे आलोय. तुमचं सगळे ऐकतात."

मेदिंगला हे इतकं आवडलं की तिने त्याला आपल्या डब्यातलं तुरोन दिलं. केळ्याचं ते गोड, कुरकुरीत गुंडाळं दुसऱ्या कुणाला तिने कधी दिलेलं नव्हतं.

जेथ्रोने कामाला हात घातला. प्रत्येक मजल्यावर पिवळ्या पिशव्या टांगल्या: शिटी, टॉर्च, पाणी, बिस्किटं, सार्डिनचे डबे. दोन आठवड्यांनी पाहणी केली तेव्हा पिशव्यांत फक्त शिट्या आणि टॉर्च होते. "इंजिनिअर, सार्डिन छान होती, तिखट मिळेल का?" असं नवव्या मजल्याने वर विचारलं. त्याने कपाळावर हात मारला आणि सराव ठरवला.

सराव होता अडीचला. पण नवव्या मजल्याची मीटिंग संपेना. मग नगरपालिकेचे पाहुणे उशिरा आले, आणि आलेल्या पाहुण्यांना मेरिएंदा म्हणून चहा-पाव दिल्याशिवाय कामाला लावायचं म्हणजे आमच्यात पापच. शेवटी जेथ्रोने खूण केली तेव्हा घड्याळात बरोबर तीन वाजले होते. मेदिंगने बटण दाबलं. टिंग, टाँग, टिंग. "भूकंप होतो आहे असं समजा. टेबलाखाली जा आणि टेबलाचा पाय धरा."

सगळी बिल्डिंग उठून उभी राहिली आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. दिव्यांखाली, काचेच्या खिडक्यांना लागून, डोळे मिटून, हात जोडून. सव्वीस वर्षांत तेच सूर, तोच आवाज, तीच वेळ. शब्दांकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. मेदिंग थांबली तेव्हा अठ्ठावीस मजले "आमेन" म्हणाले. टेबलाखाली गेलेली माणसं निघाली अकरा, त्यातली नऊ बाविसाव्या मजल्यावरच्या कोरियन कंपनीतली.

पाहुणे पोट धरून हसले. जेथ्रो हसला नाही. दुसऱ्या सरावाला त्याने भोंगा वाजवला, तर लोक आग समजून जिन्याकडे पळाले आणि सतराव्या मजल्यावरची जोव्ही नावाची मुलगी पडून तिचं मनगट मोडलं. त्या दिवशी तो मेदिंगसमोर येऊन बसला.

"आते, ती तीन सुरांची घंटा आता फक्त भूकंपासाठी ठेवावी लागेल. तीनची प्रार्थना बंद."

"बंद?"

"महिना-दोन महिने. पुढे टेप लावू. तुमचा आवाज आला की लोक डोळे मिटतात. जोव्हीचं मनगट मोडलं, उद्या कुणाची मान मोडेल."

मेदिंगला भांडावंसं वाटलं. पण भांडायचं कसं? पोरगा खरं तेच बोलत होता. तिने टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

"उपवासकाळ बुधवारपासून लागतोय," ती म्हणाली. "मला ईस्टरपर्यंत दे. चाळीस दिवस. त्यानंतर तू म्हणशील तसं."

बुधवारी, कपाळावर राख लावून आलेल्या बिल्डिंगीला तिने तीन वाजता सांगितलं, "हा उपवासकाळ आहे. उभ्याने प्रार्थना रोजचीच. हे चाळीस दिवस गुडघ्यावर येऊ या. आपापल्या टेबलापाशी." थोडी कुरकुर झाली. बायकांनी टेबलाखालच्या घरगुती चपला गुडघ्यांखाली सारल्या आणि कुरकुर थांबली. दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "मान झुकवायचीच तर पुरती झुकवा, टेबलाच्या आत." तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, "ज्यांना तोल जाण्याची भीती वाटते त्यांनी टेबलाचा पाय धरावा." चौथ्या आठवड्यात सगळेच धरू लागले. मधे एकदा तिने शुक्रवारी चर्चमधल्या मिसानंतर धर्मगुरूंना गाठून विचारलंही, "फादर, यात लबाडी तर होत नाही ना?" ते म्हणाले, "देवाला टेबलाचं वावडं नाही, मेदिंग."

तळमजल्याचा पहारेकरी अलिनोर लानावच्या तळ्याकाठचा, मरानाव मुसलमान. तो त्याच सुमाराला जिन्याखालच्या कोपऱ्यात आपली नमाज पढायचा. तो तिला म्हणाला, "आते, दिवसातून पाच वेळा आमचे गुडघे जमिनीला लागतात. तुमच्या लोकांना एकदाच सांगितलंत तर किती कण्हतायत."

"तुझे गुडघे नवे आहेत, अलिनोर."

"आणि तुमचे?"

मेदिंगने लिफ्टचं बटण दाबलं.

कारण सगळ्या बिल्डिंगीला गुडघ्यावर आणणारी ही बाई स्वतः गुडघा टेकू शकत नव्हती. उजवा गुडघा सहा वर्षांपूर्वीच गेला होता. ती सगळ्यांच्या आधी यायची, सगळ्यांच्या नंतर जायची, लिफ्टने चढायची, लिफ्टने उतरायची. दरवाजापुढच्या तीन पायऱ्या ती आडवी होऊन, कठडा धरून चढायची आणि ते फक्त अलिनोरने पाहिलं होतं. सरावात तिला कुणी खाली बोलवायचंच नाही, कारण माइकवर कुणीतरी हवंच. सोय आपोआप झाली होती.

ईस्टरनंतर जेथ्रोने भलत्या वेळी, सकाळी अकराला, लोकांना न सांगता मेदिंगला घंटा वाजवायला लावली. बिल्डिंग जागच्या जागी गुडघ्यावर आली, डोकी टेबलाखाली, हात टेबलाच्या पायांवर. जोव्हीसुद्धा, एका हाताने. जेथ्रो चौदाव्या मजल्यावर आला, थोरल्यांचा मान म्हणून मेदिंगचा हात घेऊन त्याने कपाळाला लावला आणि प्रार्थना बंद करण्याचा विषय पुन्हा काढला नाही.

मग तो यादीच्या मागे लागला. भूकंपात लिफ्ट बंद. तेव्हा जिना उतरता न येणारी माणसं आधी माहीत हवीत: प्रत्येकामागे दोन मदतनीस, आणि जमेल त्यांना खालच्या मजल्यावर हलवायचं. तो दारोदार फिरला. सहाव्यावर एक गरोदर बाई, अकराव्यावर हृदयाचा रोगी, विसाव्यावर चाकाच्या खुर्चीतला हिशेबनीस. नावं तो आणून द्यायचा, मेदिंग टाइप करायची.

"चौदाव्यावर कुणी आहे, आते?"

हलवायचं, हा एकच शब्द तिच्या डोक्यात घणघणत होता. माइक चौदाव्यावर होता. खाली माइक नव्हता, खाली फक्त स्वागताचं टेबल आणि प्लास्टिकची फुलं होती.

"कुणी नाही," ती म्हणाली आणि तसं टाइप केलं. मजल्यावरची माणसं: अकरा. माइकवरची ती त्या अकरात नव्हतीच. कुठल्याच सरावात तिला कुणी मोजलं नव्हतं.

मला तिचा राग येतो. दोन हजारांची काळजी वाहणाऱ्या बाईने स्वतःपुरता असा कानाडोळा करावा? पण आपलं एकच मिनिट जपायला मी काय केलं असतं, कोण जाणे.

यादी लागली त्या दिवशी अलिनोरने ती दरवाजाशी उभं राहून वाचली. "आते, एक नाव राहिलंय."

"तुला कुणी विचारलं?"

"नाही विचारलं," तो म्हणाला, आणि त्याने दार उघडून धरलं.

जूनमधल्या एका गुरुवारी, सकाळी दहा चाळीसला, मेदिंगच्या ग्लासातलं पाणी आधी हललं. मग टेबल. मग खालून कुणीतरी बिल्डिंगला धरून गदागदा हलवल्यासारखं झालं. फोन किंचाळायला लागले, छताच्या पट्ट्या सुटल्या, दाराकडे पळणारे पाय तिने ऐकले. तिने बटण दाबलं. टिंग, टाँग, टिंग.

"गुडघ्यावर या. डोकं टेबलाखाली. टेबलाचा पाय धरा. कुणी जिन्याकडे जायचं नाही."

पळणारे पाय थांबले. कचेरीतले अकराही जण खाली बसले. पुढे काय बोलावं ते तिला सुचेना, तेव्हा तोंडात होतं तेच ती बोलू लागली: नमो मारिये, कृपापूर्णे. मागचं कपाट सरकत आलं आणि त्याने तिला खुर्चीसकट टेबलावर दाबलं. ती बोलत राहिली. आवाज एकदाच कापला, आमेनच्या आधी. मग हलणं थांबलं, आणि अठ्ठावीस मजल्यांवर कुणालाही खरचटण्यापलीकडे काही झालेलं नव्हतं.

सहकाऱ्यांनी कपाट ओढून तिला मोकळं केलं. "चला, आते."

"शेवटचा मजला बोलावला की येते. तुम्ही व्हा पुढे."

ती बॅटरीवरच्या माइकवरून एकेक मजला खाली धाडू लागली. "आठ, आता तुम्ही. चपला घाला, काचा असतील. नऊ, थांबा, आठला वळू द्या. सतरा, जोव्हीला मधे घ्या." पाऊण तास लागला. जिन्यात कुणी कुणाला ढकललं नाही. अठ्ठाविसावा मजला उतरला, पावलं विरत गेली आणि बिल्डिंगीत नुसतं गळणाऱ्या नळाचं टपटप राहिलं.

टेबलावरचा वॉकीटॉकी खरखरला. खाली वाहनतळावर जेथ्रो मजले मोजत होता आणि त्या त्या मजल्यातलं कुणीतरी उत्तर देत होतं.

"बारा?"

"बारा पूर्ण."

"चौदा?"

"चौदा पूर्ण. अकरापैकी अकरा."

शेवटी त्याचा आवाज आला, आनंदाने फाटलेला: "मायुमी टॉवर पूर्ण. एक हजार नऊशे बारा. सगळे खाली."

मेदिंग हसली. डोळ्यांतून पाणी आलं. सगळे खाली. आणि मग तिला समजलं की या आकड्यात आपण नाही. तिने स्वतःच तो टाइप केला होता. लिफ्ट सुरू होईपर्यंत इथेच बसावं, संध्याकाळी नाहीतर उद्या, कुणाला कळतंय? तेवढ्यात बिल्डिंग पुन्हा एकदा, हलकीच, कण्हली. छतातून माती तिच्या मांडीवर पडली. मेदिंगला भीती वाटली. साधी, सरळ भीती. मागची खोली, टीव्ही, मीठ मागणारी माणसं, ते सगळं तिला परत हवं होतं, आणि किती हवं होतं ते तिला आत्ता समजत होतं.

तिने बटण दाबलं. टिंग, टाँग, टिंग.

"चौदावा मजला," ती तिच्या तीन वाजताच्या आवाजात म्हणाली. "एक. रेमेदियोस लाक्सामाना. गुडघा. जिना उतरता येत नाही." थोडं थांबून म्हणाली, "मला घ्यायला या."

वाहनतळावर काय झालं ते तिला नंतर जोव्हीने सांगितलं. बाहेरच्या कर्ण्यातून घंटा आली आणि सगळेच्या सगळे, चपला घातलेले, डांबरावर गुडघ्यावर आले, धरायला टेबल नाही म्हणून एकमेकांचे हात धरून. तसेच गुडघ्यावर असताना त्यांनी ते नाव ऐकलं. जेथ्रोच्या हातातून कागद पडला.

अलिनोर तेव्हा वाहनतळावर नव्हताच. "चौदा पूर्ण" हे शब्द ऐकूनच तो जिन्याला लागला होता. तो दारात आला तेव्हा मेदिंगने अजून बटणावरचं बोट काढलं नव्हतं.

"तू कसा आलास?"

"तुम्हाला पायऱ्या चढताना रोज बघतो, आते." तो गुडघ्यावर बसला आणि त्याने तिच्या निसटलेल्या चपलेत तिचा पाय घातला.

थोड्या वेळाने जेथ्रो धापा टाकत आला, मागे नवव्या मजल्यावरचे दोन तगडे पोरगे. त्याचा चेहरा रागाने आणि रडण्याने लाल झाला होता.

"मी तुम्हाला विचारलं होतं, आते. तोंडावर विचारलं होतं."

"खाली पाठवलं असतंस मला."

"पाठवलंच असतं."

"आणि माइक इथे."

जेथ्रो तिच्यासमोर उकिडवा बसला. "आते, माइकला वायर असते. खालीही नेता येतो. तुम्हाला खाली नेलं असतं तर माइकसकट नेलं असतं. इथे वर ठेवून मला तो काय करायचा होता?"

एवढं सोपं होतं ते, आणि सहा वर्षं ती लपवत होती. तिने खिशातला रुमाल काढून आधी त्याचा चेहरा पुसला, मग स्वतःचा.

चहाच्या खोलीतून प्लास्टिकची खुर्ची आणली, तिला बसवलं, पिशव्यांच्या पट्ट्यांनी बांधलं आणि चौघांनी उचललं. पोरगे म्हणाले, "आते, चौदा मजले." ती म्हणाली, "तेरा. मधला नाही. आणि डावीकडचा, हळू, मी सार्डिनचा डबा नाही." जिन्यात अंधार होता, खुर्चीची पुढची बाजू धरून अलिनोर पायऱ्या मोजत उतरत होता.

दारातून बाहेर आली तेव्हा उन्हात सगळी बिल्डिंग उभी होती. सव्वीस वर्षं ज्यांच्याशी ती बोलली होती ती माणसं तिने अशी एकत्र कधी पाहिलीच नव्हती. तिने बोलायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. माणसं थांबली. कुणी मीठ मागितलं नाही.

शेवटी तिने जेथ्रोकडे हात केला. त्याने मळलेला कागद आणि पेन्सिल दिली. चौदाव्या मजल्यापुढचे अकरा खोडून तिने बारा केले, बाजूला आपलं पूर्ण नाव लिहिलं, आणि कागद त्याला परत देत म्हणाली, "पुन्हा सांग. मोठ्याने."

जेथ्रोने घसा साफ केला. "मायुमी टॉवर पूर्ण. एक हजार नऊशे तेरा."